वीस पावलांची घोंगडी

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला बघितलंही असेल, पण ओळखलं नसेल. पुण्यातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीत, काचेचं एक उंच कपाट आहे. त्यात पेंढा भरलेला एक मोठा पक्षी उभा आहे. येणारा-जाणारा त्याच्याकडेच बघतो. त्याच्या पायाखाली काळपट असं काहीतरी अंथरलेलं आहे, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती मी. मी एक जुनी घोंगडी आहे. कसर लागून माझं अंग विरलं आहे, काठाच्या दशा झडल्या आहेत आणि बरोबर मध्यावर रुपयाएवढं एक भोक आहे. ते भोक कसरीनं पाडलेलं नाही. त्या भोकाची हकिकत सांगावी म्हणूनच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म सोलापूरजवळ होटगीच्या माळावरचा. हरिबा धनगराच्या मेंढरांच्या पाठीवर मी आधी लोकर होऊन वाढले. कातरणी झाली, आणि हरिबाच्या बायकोनं, मायाक्कानं, त्या लोकरीचं चातीवर सूत काढलं. चाती म्हणजे हातातल्या हातात फिरवायची लहानशी फिरकी. मायाक्का मेंढरांमागं चालताना सूत काढी, गप्पा मारताना काढी आणि नवऱ्याशी भांडतानाही काढी. त्यामुळे माझ्या सुताला काही ठिकाणी जरा जास्तच पीळ बसला. गावच्या सणगरानं मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून अशी कडक केली, की पहिले पंधरा दिवस मी हरिबाच्या मानेला टोचत होते.

"लई टोचतीया. तुज्यावानीच हाय," हरिबा मायाक्काला म्हणायचा.

"मग नका पांघरू की," मायाक्का म्हणायची. तो पांघरायचाच.

मी त्याची छत्री होते, अंथरूण होते, आणि वाटेत व्यालेल्या मेंढीचं कोकरू उचलून आणायची झोळीही होते. गावात भांडण झालं की पंच माझ्यावर बसायचे. घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नाही, हा तिथला रिवाज. हरिबाच्या घराण्यात आणखी एक रीत होती. घोंगडी अंगावर असताना हात उगारायचा नाही. एकदा कोकरांच्या वाटेत साप आला. हरिबानं आधी मला खांद्यावरून उतरवून घडी घातली, बाभळीवर ठेवली, आणि मग काठी उचलली. तोवर साप अर्थातच बिळात गेला होता. मायाक्का त्याला खूप हसली.

"हस हस," हरिबा म्हणाला, "पर माळावरची जित्राबं मानसाला वळखत न्हाईत, घोंगड्याला वळखत्यात. आमच्या म्हाताऱ्यानं सांगितलंया. घोंगड्याची पत घालवायची न्हाय."

हे खरं होतं, मित्रांनो. त्या माळावर माळढोक राहायचे. माणसाच्या कमरेपेक्षा उंच पक्षी, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. त्यातला एक नर इतक्या ऐटीत चालायचा, की हरिबानं त्याचं नाव 'पाटील' ठेवलं होतं. आमची मेंढरं चरत त्याच्याजवळ गेली, तरी पाटील आपले किडे टिपत असायचा. मान वळवून एकदा माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. काळ्या, राठ, टोचऱ्या घोंगडीवर विश्वास टाकणारं कुणीतरी जगात आहे, ही काय थोडी गोष्ट झाली!

एकोणीसशे एकतीस सालच्या मे महिन्यात पुण्याहून टेंबे नावाचे एक प्रोफेसर होटगी स्टेशनावर उतरले. पाखरांच्या शरीराबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेलं आहे, पण पाखरू दिवसभर काय करतं, कुणाला भितं, मादीपुढे कसं नाचतं, हे कुणी बसून बघतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि बघायचं तर ते तरुण डोळ्यांनी बघावं, म्हणून त्यांनी कॉलेजातले दोन विद्यार्थी बरोबर आणले होते. एक ईश्वरप्पा, दुधनीच्या भुसार व्यापाऱ्याचा मुलगा. घरी कानडी बोलणारा, सरळ, थोडा हट्टी, जे दिसेल ते वहीत लिहिणारा. दुसरा मकदूम, सोलापूरच्या टांगेवाल्याचा मुलगा. त्याची बोटं चित्रात आणि जीभ चेष्टेत चाले.

त्यांनी माळावर खाकी तंबू ठोकला. खाकी टोप्या घातल्या. दुर्बिणी लावून आठ दिवस बसले. माळढोक तीनशे पावलांवरूनच मान उंच करत आणि पंख पसरून निघून जात. आठ दिवसांत ईश्वरप्पाच्या वहीत एकच वाक्य आठ वेळा लिहिलं गेलं: पक्षी उडाला.

हरिबा रोज लांबून हे बघत होता. नवव्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"मास्तर, रागावू नगासा," तो म्हणाला, "पर पाखराला खाकी कळतीया की. खाकी म्हंजी बंदूक."

"मग काय करावं, हरिबा?" टेंब्यांनी विचारलं. इतका शिकलेला माणूस धनगराला विचारतो आहे, याचं मला नवल वाटलं. हरिबानं मला खांद्यावरून काढलं आणि ईश्वरप्पाच्या डोक्यावर खोळ करून घातलं.

"मेंढरांत चला. मेंढरं थांबली की बसा. हातवारे करू नगा. आन् एक इसरू नगा, हे अंगावर हाय तवर खडासुदिक उचलायचा न्हाय."

"हो मामा," ईश्वरप्पा म्हणाला.

त्या दिवशी पाटील आमच्यापासून वीस पावलांवर आला. ईश्वरप्पाचं काळीज असं धडधडत होतं, की ते मला माझ्या प्रत्येक धाग्यात ऐकू येत होतं. पाटलानं शेपूट पाठीवर उभारली, गळ्याची पिशवी फुगवून पार खालपर्यंत लोंबती सोडली, आणि हूं... असा घुमला. लांब गवतात मादी उभी होती. ईश्वरप्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं माझ्याच काठाला पुसलं.

पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. पोरांनी शेकडो वेळा पावलं मोजली. खाकी कपडे घातले, तर पाखरू तीनशे पावलांवरून उडे. पांढरं धोतर, तर दीडशे. घोंगडी पांघरून एकटाच माणूस, तर साठ. आणि घोंगडी आणि मेंढरं दोन्ही असली, तर वीस. मग मकदूमनं मला पांघरलं, टेंब्यांनी पांघरलं, मायाक्कानंही पांघरलं. तरी वीसच! म्हणजे हरिबाच्या म्हाताऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं खरं निघालं. पाखरू माणसाला ओळखत नव्हतं, मला ओळखत होतं.

निघताना टेंब्यांनी मला मागून घेतलं. कॉलेजात विद्यार्थ्यांना दाखवायची होती. हरिबानं जरा विचार केला आणि दिली.

"फुडल्या वरसाला घिऊन या. तवर दुसरं हाय माज्याकडं," तो म्हणाला.

पुण्यात माझं काय कौतुक झालं! मोठ्या सभेत ईश्वरप्पानं मला टेबलावर अंथरून आपला निबंध वाचला. टाळ्या पडल्या. निबंधाला बक्षीस मिळालं आणि कॉलेजच्या अंकात तो छापायचं ठरलं. छापायला देण्याआधी मकदूमनं तो वाचला.

"यार, गाव का नाम कायकू लिखता?" तो म्हणाला. "होटगी स्टेशन के पूरब कू, नाले के बाजू का माळ... ये तो पूरा पत्ताच दे डाला तू."

"शास्त्रात लपवून ठेवायचं नसतं," ईश्वरप्पा म्हणाला. "जागा लिहिली नाही तर लोक म्हणतील, घरी बसून रचलं."

"वो बी सही," मकदूम म्हणाला, आणि विषय तिथंच संपला. टेंब्यांनीही एक शब्द कापला नाही. ते तर आनंदानं फुलून गेले होते. त्या तिघांच्या मनात पाप नव्हतं. खरं ते खरं लिहावं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मीही त्या टाळ्यांनी फुगले होते. मला वाचता येत नाही, पण येत असतं तरी मी तेव्हा त्यांना अडवलं नसतं.

पुढच्या मे महिन्यात ईश्वरप्पा मला घेऊन होटगीला आला. मकदूम सोलापूरला आजारी बापाजवळ थांबला होता आणि टेंबे मागाहून येणार होते. माळावर आनंदाची बातमी होती. मादीनं अंडं घातलं होतं. माळढोक वर्षाला एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर, ना घरटं ना काटकी. हरिबानं त्या जागेभोवती मेंढरं फिरकू दिली नव्हती. मादी अंड्यावर बसलेली असे आणि पाटील नाल्याच्या अंगाला घुमत असे.

चार दिवसांनी एक गोरे साहेब आले. कॉलेजचा अंक त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतला होता. त्यांच्याकडे टेंब्यांची चिठ्ठी होती: साहेबांना पक्ष्यांची फार आवड आहे, त्यांना पक्षी जवळून दाखवावा. साहेबांनी ईश्वरप्पाशी हात मिळवला. निबंधाची तारीफ केली. विसाव्या वर्षी एवढा मोठा माणूस आपला हात हातात घेतो, तेव्हा पोराला काय वाटत असेल, ते तुम्हीच समजून घ्या. साहेबांच्या शिपायाच्या खांद्यावर कातड्याची एक लांब पिशवी होती.

"त्यात काय हाय?" हरिबानं विचारलं.

"कॅमेऱ्याचं काहीतरी असेल, मामा. फोटो काढायचा असेल," ईश्वरप्पा म्हणाला. त्यानं साहेबांना विचारलं नव्हतं. विचारणं त्याला उद्धटपणाचं वाटलं.

"नुसतं बघायचंच हाय न्हवं?"

"नुसतं बघायचंय."

"मग द्या घोंगडं. तुमच्या शब्दावर द्येतो."

सकाळचं कोवळं ऊन होतं. ईश्वरप्पानं आपल्या हातानं मला साहेबांच्या डोक्यावर खोळ करून घातलं. साहेबांनी शिपायाच्या खांद्यावरची ती लांब पिशवी माझ्या आत घेतली, आणि ईश्वरप्पा शिपायाबरोबर लांब बांधावर जाऊन बसला. हरिबानं मेंढरं हाकली. मेंढरांमधून साहेब वाकून चालू लागले. माझ्या आत, त्या पिशवीतून निघालेलं काहीतरी गार, लांब आणि जड होतं. मी सात वर्षं माणसांच्या अंगावर काढली होती. माणसाचं अंग कसं असतं ते मला माहीत होतं. हे अंग नव्हतं. मित्रांनो, मला हात नाहीत, तोंड नाही. नाहीतर मी त्या सकाळी माळभर ओरडले असते.

वीस पावलांवर पाटील उभा होता. त्यानं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मीच आहे, अशी खात्री करून घेतली, आणि पुन्हा किडा टिपायला खाली वाकला.

बार माझ्या आतूनच झाला. ते भोक तेव्हाचं. त्याची कड अजून जळकी आहे.

मेंढरं चौखूर उधळली. पलीकडे गवतातून मादी उठली आणि तिनं हे सगळं बघितलं. हरिबा धावत आला. बंदूक साहेबांची, राज्य साहेबांचं. त्यानं फक्त खाली पडलेल्या मला उचललं आणि भोकातून बोट घालून बघितलं. ईश्वरप्पा बांधावरून पळत आला तेव्हा साहेब हसत होते, त्याची पाठ थोपटत होते आणि म्हणत होते, की तू लिहिलंस ते अगदी बरोबर आहे, बरोबर वीस पावलं!

"मामा, मला ठाऊक नव्हतं," एवढंच ईश्वरप्पा म्हणत राहिला.

"तुमाला ठावं नव्हतं, मला ठावं नव्हतं," हरिबा म्हणाला. "पर पाखराला काय ठावं? त्येला वाटलं, घोंगड्यानंच मारलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिबा आपली दुसरी घोंगडी पांघरून मेंढरांमागून माळावर गेला. ईश्वरप्पा मला घडी करून काखेत घेऊन त्याच्या मागं लांबून चालत होता. मादी अंड्यावर बसली होती. हरिबाची घोंगडी दिसताच ती उठली. धावली आणि उडाली. ईश्वरप्पानं पावलं मोजली. तीनशे. खाकीला भिऊन जितक्या पावलांवरून उडायची, तितक्याच. दोघंही मागं फिरले आणि दिवसभर माळाकडे गेले नाहीत. तरी मादी परत अंड्यावर आली नाही. तिसऱ्या दिवशी हरिबानं जाऊन बघितलं, तर अंडं गार पडलं होतं. चौथ्या दिवशी कावळ्यांनी फोडलं.

त्या सकाळी हरिबानं अंगावरची दुसरी घोंगडीही उतरवली.

"माज्या आज्यानं, माज्या बापानं मिळवल्याली पत हुती ती," तो म्हणाला. "एका बारात गेली. आता म्या घोंगडं घिऊन हिंडलो की पाखरं अंडी सोडून पळणार. म्या न्हाय पांघरत."

"अवो, मग थंडीचं काय करनार?" मायाक्का रडत होती. "गोधडी घिऊन मेंढरामागं फिरनारा धनगर बगितलाय का कुटं कुनी? लोकं हसतील की."

"हसू द्यात."

आणि मला त्यानं ईश्वरप्पाच्या हातांत ठेवलं. "ही तुमाला. माळावर ही नगं." शिव्या दिल्या असत्या तर पोराला बरं वाटलं असतं. हरिबानं त्याला भाकरी बांधून दिली आणि स्टेशनापर्यंत पोचवायला गेला, ते जास्त लागलं.

साहेबांनी मेलेला पाटील कॉलेजला भेट दिला. टेंब्यांनी तो भरून घेतला, कारण पक्षी तर गेलाच होता. कपाट आलं, आत पितळी पाटी आली, पाटीवर साहेबांचं नाव आलं. कपाटाचं दार लागायच्या आधी ईश्वरप्पानं मला आणून पाटलाच्या पायाखाली अंथरलं. टेंबे म्हणाले, "हे कशाला?" ईश्वरप्पा म्हणाला, "पाटीवर लिहिलेलं नाही, ते हिच्यावर आहे, सर." त्यानंतर त्यांनी कुणाला तशी चिठ्ठी दिली नाही.

ईश्वरप्पा पुढं त्याच कॉलेजात शिकवू लागला. ग्रंथालयातल्या त्या अंकात होटगीचं नाव त्यानं काळ्या शाईनं खोडून टाकलं आहे. दर जूनमध्ये नवे विद्यार्थी आले, की तो आधी त्यांना या कपाटापुढं आणतो आणि दार उघडतो. प्रत्येकाला माझ्या भोकात बोट घालायला लावतो. काही पोरं हसतात. हकिकत ऐकली, की हसणारेच पुन्हा वाकून त्या भोकाची जळकी कड बघतात. मग तो त्यांना वही देतो आणि सांगतो, की पाखराबद्दल काय कळलं ते लिहा, पण ते कुणाच्या हातात पडेल याचा विचार करून लिहा.

दर मे महिन्यात चार-पाच विद्यार्थी घेऊन तो हरिबाच्या माळावर जायचा. घोंगडी नाही, तंबू नाही. साधं पांढरं धोतर नेसून लांब बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, आणि पाखरू किती पावलांवरून उडतं ते मोजायचं, एवढंच काम. परत आला की कपाटाशी उभा राहून तो हळूच आकडा सांगायचा. मला सांगायचा की पाटलाला, ते मला ठाऊक नाही. पहिल्या वर्षी तीनशे. दुसऱ्या वर्षीही तीनशे. तिसऱ्या वर्षी दोनशे ऐंशी. पाचव्या वर्षी दोनशे चाळीस, आणि तो आकडा त्यानं दोनदा सांगितला. हरिबा म्हातारा झाला होता, थंडीत गोधडी घेऊनच फिरत होता आणि लोक हसतही होते. पण आकडा ऐकून तो म्हणाला होता म्हणे, "मी जिता हाय तवर दीडशावर आला तरी लई झालं."

एकोणीसशे अडतीस साली ईश्वरप्पा परत आला, तो वही घेऊनच कपाटापाशी आला. मग वही उघडून त्यानं त्या वर्षीची ओळ वाचली. महिनाभर बसलो. पक्षी दिसला नाही. पावलं मोजता आली नाहीत.

मित्रांनो, मी राठ लोकरीची, मला मोठं ज्ञान कुठलं सांगता येणार? पण एक मागणं मागते. तुम्ही शिकाल, जनावरांच्या सवयी जाणाल, ती कुणाला भितात आणि कुणाला भीत नाहीत हे तुम्हाला कळेल. ते कळणं म्हणजे त्या मुक्या जिवानं तुमच्याजवळ ठेवायला दिलेली ठेव आहे. ती जपा. आणि हात उगारायचीच वेळ आली, तर ज्याच्यावर त्यानं विश्वास टाकला ते आधी अंगावरून उतरवून ठेवा. तेवढ्या वेळात साप बिळात जाईल. जाऊ द्या.

शिकवणं संपून खोलीला कुलूप लागलं, की कपाटात आम्ही दोघंच उरतो. आमच्यात आता वीस पावलं नाहीत, एक वीतसुद्धा नाही. पाटलाचे पाय माझ्या अंगावर आहेत. काचेच्या डोळ्यांनी तो समोर बघत असतो. इतकं होऊनही तो माझ्यापासून पळत नाही, याचंच मला फार वाईट वाटतं.